नऊ वर्षं न दिलेलं उत्तर

माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई तिला मांडीवर घेऊन तासभर तिचं तोंड न्याहाळत बसल्या होत्या. नाक कोणाचं, कान कोणाचे, हनुवटी कोणाची, याची वाटणी झाल्याशिवाय आमच्याकडे बाळ घरचं झालं असं कोणी मानत नाही. नाक बापाचं ठरलं, कान मोठ्या आत्याचे. ओठांपाशी गाडी अडली. वरचा ओठ अगदी पातळ होता, आणि नाकापासून ओठापर्यंत सगळ्यांना जी बारीक उभी पन्हळ असते ती तिला नव्हतीच. तिथे सपाट जागा होती. "हे कोनाचं उचललं वो पोरीनं?" सासूबाई म्हणाल्या. बाळंतपणासाठी अकोल्याहून आलेल्या त्यांच्या बहिणीने सगळं खानदान आठवून पाहिलं, कोणाशीच जुळेना. शेवटी "आईकडचं असंल" म्हणून त्यांनी ते माझ्या माहेरावर ढकललं. आईकडचंच होतं ते, फक्त माहेरचं नव्हतं.

वाचणाऱ्याला अंदाज करत बसायला नको म्हणून इथेच सांगते. ही पोटात असताना मी दारू पीत होते. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. पुण्यात नोकरीला असताना मैत्रिणींबरोबर शनिवारी घ्यायला शिकले, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, आजही त्या दिवसांचं वाटत नाही. लग्न होऊन जयपूरला आले. नवरा रेल्वेत लोको पायलट, गाडी घेऊन गेला की दोन-दोन दिवस बाहेर. रेल्वे कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये मी ऑफिसातून सातला येई आणि स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत व्होडका आणि लिंबाचं सरबत करून टीव्हीसमोर बसे. एकटेपणा होता, हे खरं. पण एकट्या असलेल्या सगळ्याच बायका पीत नाहीत, हेही खरं.

दिवस गेल्याचं मला तिसऱ्या महिन्यात कळलं. कळल्याबरोबर सोडली, असं मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की मलाच ते पटायला लागलं होतं. सोडली नव्हती. कमी केली होती. सातव्या महिन्यात सासूबाई राहायला आल्या आणि बाटली लपवणं जमेना, तेव्हा सुटली. बाळासाठी सुटली नाही, सासूच्या धाकाने सुटली. हे लिहिताना मला माझीच चीड येते.

त्यात सासू कोण, तर जिने स्वतःच्या हाताने दारूची भट्टी फोडलेली. तरुणपणी त्यांच्या गावात नाल्याकाठी भट्टी लागायची. वस्तीतल्या पंधरा-वीस बायका एका दुपारी कुऱ्हाडी, मुसळं घेऊन गेल्या आणि त्यांनी मडकी, पिंपं सगळं फोडून नाल्यात ओतलं. सासूबाईंच्या डाव्या पायावर त्या दिवशीच्या भाजल्याची खूण आहे. आम्ही बौद्ध. घरात रोज वंदना होते, पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. इतर घरांत ते म्हटलं जातं, आमच्या घरात त्यासाठी पाय भाजलेला आहे. मी त्यांच्या शेजारी हात जोडून बसून ते पाचवं शील म्हणत असे.

मुलगी दोन वर्षांची झाली तरी तिचं वजन वाढेना, झोप लागेना, अंगाला कपड्याचं लेबल लागलं तरी किंचाळायची. इथल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. नवरा, सासूबाई, मी, तिघंही. डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. ताप आला होता का, औषधं कोणती घेतली, आणि मग त्याच आवाजात हिंदीत, "प्रेग्नन्सी में कभी शराब?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई खुर्चीतून उठल्या. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी वास नाही घेतला," असं त्यांनी मराठी-हिंदीची खिचडी करून ऐकवलं. नवरा हसून म्हणाला, "नहीं सर, हमारे यहाँ सवाल ही नहीं।" डॉक्टरांनी माफी मागितल्यासारखं करून कागदावर काट मारली. मी मूग गिळून बसले. ती काट मला अजून दिसते.

ती चार वर्षांची असताना मी फोनवर शोधलं. आईने गरोदरपणी घेतलेली दारू बाळापर्यंत पोचते आणि मेंदूची घडणच बिघडवते, ते पुन्हा दुरुस्त होत नाही, असं लिहिलं होतं. खाली एका मुलाच्या चेहऱ्याचं चित्र होतं, बाण काढून दाखवलेलं. पातळ ओठ. सपाट जागा. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. त्या दिवसापासून मला माहीत होतं. कोणी मला म्हणू नये की बिचारीला कळत नव्हतं.

आता तिच्याबद्दल. ती लाघवी आहे, अति लाघवी. एकदा चारदीवारीत, म्हणजे जुन्या जयपुरात, जौहरी बाजारच्या गर्दीत माझा हात सोडून ती एका अनोळखी बाईबरोबर चालू लागली, कारण त्या बाईच्या हातात लाखेच्या बांगड्या होत्या आणि तिने हसून बघितलं होतं. अर्ध्या तासाने सापडली तेव्हा ती त्या बाईला मौसी म्हणत होती. तिला भीती कशाची वाटायला हवी तेच कळत नाही. आज सातचा पाढा घडाघडा म्हणेल आणि उद्या सात दुणे विचारलं तर तुमच्याकडे अशी बघेल की तुम्हीच काही चुकीचं बोललात. मे महिन्यात स्वेटर घालून बाहेर येईल. आणि विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आठवलं नाही तर जे सुचेल ते सांगेल, अगदी खऱ्यासारखं. हे तिचं खोटं बोलणं नव्हे. आठवणीत जिथे भोक पडलेलं असतं तिथे ती हाताला लागेल ते भरते, आणि मग तिला स्वतःलाच ते खरं वाटतं.

पण घरात त्याला एकच नाव होतं. खोटारडी. दूध सांडलं कोणी, तर मांजर आली होती. आमच्याकडे खिडकीला जाळी आहे, मांजर यायची कुठून? पाच मिनिटांनी विचारलं तर शेजारचा दादा आला होता. सासूबाईंचा खोट्यावर फार राग. "चोरी माफ करीन, पन खोटं नाई," म्हणत त्या उलथनं घ्यायच्या आणि तिच्या तळहातावर मारायच्या, चार-पाच, मोजून. ती रडायची, माफी मागायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच. मारल्याचा तिला बोध होत नव्हता, फक्त लागत होतं. मी ओट्यापाशी उभी असायची. एका दिवशीचं स्पष्ट आठवतं. उलथन्याचा आवाज आला, मी तव्यावरची पोळी उलटली आणि दुसरी लाटायला घेतली. मारू नका म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

मी आपल्या मनाची समजूत घालायला दुसरीच कामं करत होते. ऑफिसात मी कामाच्या पायऱ्या लिहिते, पहिलं हे करा, मग ते, मग काय दिसायला हवं. तसे तक्ते मी घरात चिकटवले. सकाळी उठल्यापासून शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत चौदा पायऱ्या, रंगीत अक्षरांत. ती त्या तक्त्यासमोर दात घासायचा ब्रश हातात धरून उभी राहायची आणि रडायला लागायची. मला वाटायचं ही हट्ट करते. मीही ओरडायची. चौदा पायऱ्या तिच्या डोक्यात राहूच शकत नाहीत, तीन राहतात, तेही चित्रं असली तर. हे मला कळायला फार वर्षं लागली, कारण ज्याला कळतं अशा माणसाला विचारायची माझी हिंमत नव्हती.

ती अकरा वर्षांची असताना तिच्या वर्गाची सहल जयपूरजवळच्या बगरूला गेली, कापडावर हाताने ठसे मारून छपाई कशी करतात ते बघायला. परत आल्यावर तिच्या दप्तरात लाकडी ठसा सापडला, तळहाताएवढा, शाईने काळा झालेला. वर्गशिक्षिकेने विचारलं, कुठून आणला? ती म्हणाली, काकांनी दिला. शिक्षिकेने त्या छपाईच्या कारखान्यात फोन लावला, त्यांनी कोणाला काही दिलं नव्हतं. मग ती म्हणाली, मैत्रिणीने ठेवला. मैत्रीण रडायला लागली. मग म्हणाली, मम्मीने विकत घेऊन दिला होता, मागच्या वर्षी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तिला सगळ्या शाळेपुढे उभं केलं आणि तिच्या तोंडून वदवून घेतलं की मी चोर आहे आणि मी खोटं बोलते. तिने ते अगदी मनापासून म्हटलं. मोठ्यांनी सांगितलेलं म्हटलं की ते खूश होतात, एवढं तिला कळतं.

मला बोलावलं. आदर्श नगरमधली ती शाळा आम्ही फार खटपट करून मिळवली होती. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "देखिए, एक तर हिला काही आजार आहे, किंवा ही बिघडलेली आहे. आजार असेल तर डॉक्टरांचं पत्र आणा, आम्ही सांभाळून घेऊ. नसेल तर दाखला घेऊन जा." त्यांनी पंधरा दिवस दिले. त्या दिवशी घरी आल्यावर ती बाथरूमच्या भिंतीवर डोकं आपटत होती, जोरात नाही, सावकाश, मोजल्यासारखं. मी धरलं तर म्हणाली, "मम्मी, माझं डोकं खराब आहे ना, ते फोडून बघते."

मी दुसऱ्या डॉक्टर शोधल्या, मुलांच्या वाढीच्या तक्रारी बघणाऱ्या. नवरा गाडी घेऊन गेला होता. सासूबाईंना म्हटलं शाळेत जाऊन येते. डॉक्टरांनी तिला तपासलं, डोक्याचा घेर मोजला, कोडी घातली, चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिला बाहेर खेळण्यांच्या खोलीत पाठवलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "जुन्या कागदात दारूसमोर काट आहे. मला पुन्हा विचारायचंय, कारण त्याशिवाय मी नुसते अंदाज करत बसेन." मी म्हटलं, "हो." एवढंच. नऊ वर्षं लागली त्या एका शब्दाला, आणि म्हटल्यावर छत कोसळलं नाही की काही नाही. डॉक्टरांनी पेन उचलून विचारलं, कुठल्या महिन्यापर्यंत, किती, आठवड्यातून किती वेळा. मी सगळं सांगितलं. थोडी घेतली असती तर चाललं असतं का, असं मी विचारलं. काय आशेने विचारलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "अमुक इतकी चालते, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. ते सोडा आता. तिला काय लागणार आहे ते लिहून घ्या."

नवऱ्याला मी तो परत आल्यावर दुपारी सांगितलं, जेवायच्या आधी. त्याने हातातलं घड्याळ काढलं, पुन्हा घातलं. पाचव्या दिवशी म्हणाला, "मी घरात नसताना?" मी म्हटलं, "हो." "म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, "नाही. माझ्यामुळे." आणखी एकच गोष्ट तो म्हणाला, "आईला कळता कामा नये. ती जगणार नाही." तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. मुलीच्या बाबतीत मात्र त्याने कधी हात वर केले नाहीत, तिचं सगळं करतो. माझ्याकडे बघून बोलत नाही.

आजाराचं नाव लिहिलेलं पत्र शाळेला मिळालं आणि मुख्याध्यापिकांनी शब्द पाळला. तिला पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसवलं, खिडकीपासून लांब. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ती झाली की दुसरी. परीक्षेला वेगळी खोली आणि जास्त वेळ. सुट्टीत एका मोठ्या मुलीने तिच्याबरोबर राहायचं. "का केलंस" हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं आणि मग ती एक बनवते. घरी मी चौदा पायऱ्यांचा तक्ता फाडला आणि तीन चित्रं लावली. बाटली, डबा, बूट, रोज त्याच जागी. सासूबाईंना आम्ही सांगितलं की मेंदूची जन्मापासूनची कमजोरी आहे, मारायचं नाही. "जन्मापासून कशी आली?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "येते कोणाकोणाला." त्यांनी उलथनं हातात घेणं सोडलं, पण "खोटारडी" तोंडातून जाईना. सगळं छान झालं असं मात्र अजिबात नाही. ती अजून रोज काहीतरी विसरते, अजून वर्गात मुलं तिच्याकडून हवं ते करून घेतात, ती मोठी होईल तेव्हा तिच्याबरोबर सुट्टीत राहणारी मोठी मुलगी कोण असणार आहे, हा विचार आला की मला घाम फुटतो.

डॉक्टर म्हणाल्या होत्या की तिला तिच्याबद्दल साध्या शब्दांत सांगा, नाहीतर ती स्वतःलाच वाईट समजत राहील. मी महिनाभर टाळलं. मग एका रविवारी तिच्या केसांना तेल लावताना सांगितलं. तुझं डोकं खराब नाही. तू पोटात होतीस तेव्हा मी दारू प्यायले, ती तुझ्यापर्यंत आली, आणि तुझ्या मेंदूला इजा झाली. तुझी काही चूक नाही. चूक माझी आहे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ती कडू असते का?" मी म्हटलं, "हो." "मग मी रडले का पोटात?" मी म्हटलं, "मला कळलं नाही." ती म्हणाली, "जोरात नसेन रडले."

दुसऱ्या दिवशी ती विसरली होती. गुरुवारी शाळेतून येऊन पुन्हा विचारलं, "मम्मी, माझं डोकं असं का?" मी गप्प बसू शकले असते. तिने विचारलं होतं हेही ती विसरली असती. पण मी पुन्हा सांगितलं, आणि तिने पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. असं सात-आठ वेळा झालं. प्रत्येक वेळी मला ते नव्याने म्हणावं लागलं. सवय झाली नाही.

आणि मग, सातचा पाढा जिच्या डोक्यात टिकत नाही तिच्या डोक्यात हे टिकलं. तेव्हा ती ज्याला त्याला सांगू लागली. ई-रिक्षावाल्याला, "भैया, मेरी मम्मी ने मुझे पेट में दारू पिलाई थी।" भाजीवाल्याला. माझ्या ऑफिसातली एक मुलगी घरी आली होती, तिला. सासूबाई तेवढ्यापुरत्या समोर नसत, एवढंच. लोक हसायचे, कोणी तिच्या गालाला हात लावून म्हणायचं, काय ही पोरगी! मी हसायची. हे सांगू नकोस असं म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण आयुष्यात पहिल्यांदा ती एकच गोष्ट रोज सारखी सांगत होती.

पौर्णिमेची वंदना त्या महिन्यात आमच्याकडे होती. कॉलनीतली आणि आसपासची आठ-दहा मराठी बौद्ध कुटुंबं दर पौर्णिमेला कोणाच्या तरी घरी जमतात. पांढरं कापड अंथरलं होतं, मेणबत्त्या लावल्या होत्या, सासूबाईंनी सगळ्यांकडून त्रिशरण, पंचशील म्हणवून घेतलं. नंतर केळी आणि उपमा. निवृत्त स्टेशनमास्तरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, मुलीला जवळ घेऊन म्हणाल्या, "काय गं, तुला म्हणे परीक्षेला वेगळ्या खोलीत बसवतात? एवढी हुशार आहेस का?"

"नाही काकू," ती मोकळेपणाने म्हणाली. "माझ्या ब्रेनला लागलंय. मतलब, मी पोटात होते ना, तेव्हा मम्मी दारू प्यायची. मला पण गेली."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. सासूबाई उठल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "काय बोलून रायली? आत्ता इथं पंचशील म्हटलं ना आपण? कोनाबद्दल बोलतेस? खोटारडी! कान धर. सगळ्यायसमोर मम्मीची माफी माग."

मुलीने आजीच्या तोंडाकडे पाहिलं, मग काकूंच्या, मग माझ्या. सगळे रागावले आहेत एवढं तिला समजलं. तिने दोन्ही कान धरले. "सॉरी मम्मी," ती म्हणाली. "मी झूठ बोलले. मम्मीने दारू नाही प्यायली." ती थांबली. आजी अजून रागात होती, म्हणून तिने आणखी शोधलं. "मी प्यायली."

नवरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, कितीतरी महिन्यांनी नीट पाहिलं, आणि मान हलवली. नको. मी ते बघितलं. मला भीती वाटली, खूप. इथे बसलेली सगळी माणसं उद्याही इथेच असणार होती. मी जाऊन तिचे हात कानांवरून खाली घेतले आणि म्हटलं, "आई, ती खरं बोलतेय. मी प्यायचे. ती पोटात होती तेव्हा, सातव्या महिन्यापर्यंत. डॉक्टरांना माहीत आहे, यांना माहीत आहे."

मुलीने माझी ओढणी ओढली. "मग मी सॉरी नको म्हणू?"

"नको. मी म्हणते." मग माझ्या लक्षात आलं की आठ वेळा चूक माझी म्हटलं होतं, पण हा शब्द तिला कधी म्हटला नव्हता. "सॉरी," मी म्हटलं.

"इट्स ओके," ती म्हणाली, शाळेत शिकवतात तसं, आणि केळं सोलायला लागली.

लोक लवकर गेले. काकूंनी जाताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाई पांढऱ्या कापडावर बसून होत्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील, माझ्या अंगावर येतील, भट्टी फोडणारी बाई आहे ती. त्या एवढंच म्हणाल्या, "मी मारत होती हिले, तवा तुले मालूम होतं?"

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

"चार वर्षांची होती तेव्हापासून."

त्यांनी मान खाली घातली आणि आपले दोन्ही तळहात उघडून बघत बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सकाळी मुलगी उठली तेव्हा आदल्या दिवशीचं तिला काहीच आठवत नव्हतं, वंदनाही नाही, केळंही नाही. रोजच्यासारखी कंगवा घेऊन ती आजीपुढे जाऊन बसली. सासूबाईंनी वेणी घालायला घेतली, निम्म्यावर सोडली, पुन्हा घेतली. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

"बाई," त्या तिला म्हणाल्या, "मी तुले उलथन्यानं मारत होती, आठवते काय वो?"

मुलीने विचार केला, अगदी मनापासून. मग हसून म्हणाली, "नाही आजी. तू नाही मारलंस."

"मले आठवते," सासूबाई म्हणाल्या.